मालकांची सात बिऱ्हाडं

सांगलीच्या गणपती पेठेत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि जिना चढून डाव्या हाताला मालकांचं ऑफिस. हे इमारतीचे मालक नव्हेत. ते मिरजेला असतात आणि भाडं थकलं की तेवढे उगवतात. आमचे मालक माझ्यासारखेच भाडेकरू. धंदा कर सल्लागाराचा. पण त्यांच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरमध्ये सात बिऱ्हाडं नांदतात, आणि या बिऱ्हाडाचा वारा त्या बिऱ्हाडाला लागू नये म्हणून ते जो जीव टाकतात तो बघून पेठेनंच त्यांना ही पदवी देऊन टाकली. त्यांनाही ती इतकी मानवली की नव्या मशीनवर एक्सेल टाकताना मी “वापरणाऱ्याचं नाव काय घालू?” असं विचारलं, तर म्हणाले, “मालक घाला की.” मी घातलं. त्याचं पुढं काय झालं ते येईलच.

पहिल्यांदा वर गेलेला माणूस जरा चक्रावतो. टेबलावर स्क्रीन एकच, तोही जुना १९ इंची. मालक बोलता बोलता म्हणतात, “बसा हं, मी जरा सराफांकडं जाऊन आलो.” आणि खुर्चीतून हलत नाहीत. डाव्या हाताच्या दोन बोटांनी कंट्रोल आणि विंडोज ही बटणं दाबून धरायची, उजव्या हातानं बाण मारायचा, की समोरचं अख्खं टेबल डावीकडं सरकतं आणि दुसरं टेबल येऊन उभं राहतं. सराफांकडं गेले की मालकांचा आवाज आपोआप खाली येतो. हळदीच्या अडत्याकडं गेले की मोकळा होतो. इचलकरंजीच्या सायझिंगवाल्याकडं ते ओरडूनच बोलतात, जणू मागं यंत्रमाग चालू आहेत.

पहिल्या खोलीत हळद, दुसरीत तासगावचा बेदाणा, तिसरीत सराफ, चौथीत सायझिंग, पाचवीत औषधाची एजन्सी. सहावी खोली म्हणजे धर्मशाळा: ज्यांची उलाढालच नाही आणि दर महिन्याला नुसतं ‘नील’ रिटर्न जातं अशा सगळ्या पार्ट्या तिथं पथारी टाकून. सातवी स्वतःची. तिला त्यांनी ‘घर’ असं नाव दिलंय. प्रत्येक खोलीत तेच सामान, एक ब्राउझर आणि एक एक्सेल. सात खोल्या, सात ब्राउझर, सात एक्सेल, आणि त्या सगळ्यांना मिळून पंखा एक. दुपारी तीनच्या सुमाराला तो पंखा असा घुमतो की समोरच्या किराणा दुकानदाराला वाटतं आमच्याकडं पिठाची गिरणी निघाली.

या रोगाचं मूळ कॉम्प्युटरच्या आधीचं आहे. मालक कॉलेजात असताना संध्याकाळी एका अडत दुकानाच्या दिवाणजींच्या हाताखाली लिहायला बसत. दिवाणजी तीन पेढ्यांची कीर्द-खतावणी लिहायचे. चोपड्या लाल कापडात बांधलेल्या. एकीची गाठ सोडायची तर आधी दुसरीची मारलेली असली पाहिजे, असा दंडक. एकदा घाईत मालकांनी दोन चोपड्या एका वेळी उघडल्या, तर दिवाणजींनी दौत उचलून बाजूला ठेवली आणि दिवसभर शब्द बोलले नाहीत. मालक अजून ती दौत विसरलेले नाहीत. विक्रीकर गेला, २००५ साली व्हॅट आला, २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला, दिवाणजी केव्हाच निवर्तले, पण दोन पार्ट्यांचे कागद एका जागी पडलेले दिसले की मालकांच्या पोटात अजून खड्डा पडतो.

त्यामुळं टॅलीशी त्यांचं कधी जमलंच नाही. टॅली बिचारी मनमोकळी. एकाच बैठकीत चार कंपन्या उघडा, एफ-३ दाबा, ह्या कंपनीतून त्या कंपनीत जा. सगळं जग याला सोय म्हणतं. मालकांना ते एका ताटात चौघांनी हात घालण्यासारखं वाटतं. ते काम त्यांनी ऑफिसातल्या ताईंकडं देऊन टाकलंय आणि ताई एफ-३ दाबतात तेव्हा ते खिडकीबाहेर बघतात.

एक्सपीच्या काळातच त्यांनी मला विचारलं होतं, “इंजिनियर, या स्क्रीनला कप्पे नाहीत का हो?” (मी आयटीआय झालेला. पण ज्याच्याकडं स्क्रू-ड्रायव्हर तो मालकांच्या लेखी इंजिनियर.) तेव्हा मायक्रोसॉफ्टचीच एक छोटी फुकटची जोड मिळायची, ती चार डेस्कटॉप करून द्यायची. चार म्हणजे चार. ती बसवून दिली त्या दिवशी मालकांनी मला आंबा बर्फी दिली. २०१५ साली विंडोज १० मध्ये हे डेस्कटॉप घरचेच झाले, हवे तेवढे करा. २०२० मध्ये त्यांना नावं देता येऊ लागली, आणि पुढच्या वर्षी विंडोज ११ आलं तसं प्रत्येक डेस्कटॉपला वेगळं चित्र लावायची सोय झाली. ही शेवटची गोष्ट मालकांनी फार मनावर घेतली. दिवाळीला प्रत्येक पार्टी देवाचं कॅलेंडर देते. त्यांचे मोबाईलवर फोटो काढून त्यांनी ज्याचं कॅलेंडर त्याच्या खोलीत लावलं. हळदीच्या भिंतीवर विठ्ठल, बेदाण्याच्या भिंतीवर गणपती, सराफांच्या भिंतीवर लक्ष्मी. सायझिंगवाल्यानं दिलेल्या कॅलेंडरवर नुसताच काश्मीरचा बर्फ होता. तोही लावला.

या सगळ्याचा एक व्यावहारिक फायदा आहे, आणि मालक इतके भोळेही नाहीत. जिन्यावर वहाणांचा आवाज आला की ते कान देतात. कोण येतंय हे त्यांना वहाणेवरून कळतं. बेदाणेवाले दारात उभे राहीपर्यंत बाण मारून झालेला असतो. “या, या. सकाळपासून तुमचंच घेऊन बसलोय बघा.” समोर गणपती, त्यावर बेदाण्याचं एक्सेल, ०८०६ या त्याच्या जीएसटी कोडचा रकाना उघडा. पार्टीला भरून येतं. ती गेली आणि हळदवाले आले की विठ्ठल, ०९१०, आणि “सकाळपासून तुमचंच.” एकदा दोघंही एकाच वेळी जिना चढले. त्या दिवशी मालकांनी मॉनिटरच बंद केला आणि लाईट गेल्याचं सांगितलं. डोक्यावर पंखा फिरत होता, पण दोघांपैकी कुणी वर बघितलं नाही.

मी एकदा त्यांना सांगितलं की ही कल्पना काही विंडोजची नाही. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीची पालो आल्टोला एक संशोधनशाळा होती. माऊसनं हलवायच्या खिडक्यांचा पसारा जिथं पहिल्यांदा रुजला त्यातली ती जागा. तिथं ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड या दोघांनी १९८६ साली ‘रूम्स’ नावाची रचना मांडली. त्यांची तक्रार साधीच: पडदा लहान, खिडक्या फार, माणसाचा निम्मा वेळ वरची बाजूला सारून खालची शोधण्यात जातो. म्हणून एकेका कामाची एकेक खोली करा, आणि खोल्यांना दारं ठेवा. एका खोलीतली खिडकी दुसऱ्या खोलीत न्यायची तर सामान म्हणून बरोबर घ्यायची, आणि एखादी सगळीकडंच लागत असेल तर ती खिशात ठेवायची, अशी त्यांची शब्दयोजना होती. मालक डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “शहाऐंशी साली ना? ते खोल्या बांधत होते तेव्हा आम्ही दप्तरं बांधत होतो. एकच की हो.” आणि मग, जरा थांबून, “खिसा मात्र नको. खिसा आला की चोरी आली.” विंडोजमध्येही एखादी खिडकी सगळ्या डेस्कटॉपवर दाखवायची सोय आहे. ती मालकांनी फक्त कॅल्क्युलेटरला बहाल केलीय, कारण त्याला कुणाचंच नाव नसतं.

आता मूळ घोटाळ्याकडं येतो. पहिली काही वर्षं मालकांच्या खोल्या होत्या, पण ब्राउझर एकच. म्हणजे त्याच ब्राउझरची एक खिडकी विठ्ठलाखाली, दुसरी गणपतीखाली. मालकांची समजूत अशी की खोली वेगळी झाली म्हणजे संसार वेगळा झाला. थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायची २० तारीख. आदल्या रात्री त्यांनी हळद आणि बेदाणा या दोन्ही पार्ट्यांचं सगळं ‘फाइल’ बटणापर्यंत आणून ठेवलं होतं. सकाळी विठ्ठलाच्या खोलीत जीएसटीच्या पोर्टलवर हळदीचं लॉगिन केलं, तेवढ्यात बेदाणेवाल्यांचा फोन आला म्हणून गणपतीच्या खोलीत जाऊन त्यांचंही लॉगिन केलं, बोलणं संपवलं, आणि परत विठ्ठलाकडं येऊन थ्रीबीचं पान उघडलं. भिंतीवर विठ्ठल. वरच्या कोपऱ्यात पार्टीचं नाव असतं, खाली पंधरा अक्षरांचा नंबर असतो, पण महाराष्ट्रात त्या नंबराचे पहिले दोन आकडे सगळ्यांचेच २७, आणि मालकांचा भिंतीवर विश्वास. दाबलं बटण. हळदवाल्यांना फोन लावला.

“ओटीपी सांगा.”

“आला न्हाई की ओ.”

“आलाय. नीट बघा. चष्मा लावा.”

“लावलाय की. न्हाई आलेला.”

पाच मिनिटं मालक त्या भल्या माणसाला मोबाईल बंद करून चालू करायला लावत होते. छतावर पाठवलं, रेंज येते म्हणून. हळदवाले ओल्या पायऱ्यांवरनं मोबाईल वर धरून चढतायत आणि इकडं टेबलावरचा दुसरा फोन वाजतोय. बेदाणेवाले. “मालक, एक ओटीपी येऊन पडलाय बघा मगापासनं. देऊ का खोडू?”

मला वर बोलावणं आलं ते “कॉम्प्युटरला भानामती झालीय” असं.

भानामती वगैरे काही नव्हतं. सगळं ठरल्याप्रमाणंच चाललं होतं. आपण साइटवर आत शिरतो तेव्हा साइट ब्राउझरच्या हातात एक बिल्ला देते. तो दाखवला की पुढची पानं उघडतात. ब्राउझर एका साइटसाठी एका वेळी एकच बिल्ला जवळ ठेवतो. दुसऱ्या पार्टीनं लॉगिन केलं की पहिलीचा बिल्ला गेला आणि नवा आला, मग खिडक्या दोन असोत की दहा, आणि त्या कुठल्याही देवाखाली असोत. डेस्कटॉप बदलला हे ब्राउझरच्या गावीही नसतं. त्याच्या दृष्टीनं एवढंच घडतं की आपल्या काही खिडक्या सध्या दिसत नाहीत.

मी म्हटलं, “मालक, तुम्ही खोल्या काढल्या नाहीत. धोतराचा पडदा लावलाय मधे. चूल एकच आहे.”

हे त्यांना इतकं लागलं की ते पाणी प्यायले. “मग चूल वेगळी मांडता येते?” येते. त्याच ब्राउझरला प्रत्येक पार्टीचं वेगळं प्रोफाइल करायचं: त्याचे बिल्ले वेगळे, पासवर्ड वेगळे, जुन्या पानांची आठवणही वेगळी. फायरफॉक्स तर याबाबतीत इतका कडक आहे की एका प्रोफाइलवर एक प्रत चालू असताना त्याच प्रोफाइलवर दुसरी चालू करायला गेलं तर तो सरळ आधीची बंद करायला सांगतो. एका चुलीशी दोन सुना नकोत, असं हे सॉफ्टवेअर बोलतंय म्हटल्यावर मालकांचा त्याच्यावर जीव जडला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही सात चुली मांडल्या. नंतरच्या महिन्यांत मी त्यांची मेमरी ४ जीबीवरून ८ केली, ८ वरून १६ केली. प्रत्येक वेगळ्या चुलीला वेगळं सरपण लागतं. माझ्या मुलाच्या क्लासची एका वर्षाची फी त्या सरपणातून निघाली, त्यामुळं मी या रोगावर फार टीका करत नाही.

ब्राउझरचं सोवळं असं मार्गी लागलं आणि एक्सेलचं निघालं.

एक्सेलमध्ये पूर्वी सगळ्या फायली एका मोठ्या चौकटीत कोंबलेल्या असायच्या. २०१३ च्या एक्सेलपासून प्रत्येक फाइलला स्वतंत्र खिडकी मिळाली, म्हणजे सराफांची फाइल तिसऱ्या खोलीत आणि सायझिंगची चौथ्या खोलीत ठेवता येते. मालक खूश. पण चूल पुन्हा एकच, आणि त्या चुलीवर कंट्रोल-झेड सामाईक. एका दुपारी मालकांनी सायझिंगच्या फाइलमध्ये एक रक्कम चुकवली, कंट्रोल-झेड मारलं. काही झालेलं दिसेना म्हणून आणखी चार-पाचदा मारलं. त्या चार-पाच झेडांपैकी काही शेजारच्या खोलीत जाऊन लागले. सराफांच्या फाइलमध्ये सकाळी घातलेले आकडे एकेक करून पुसले गेले. मालकांना कळलं दुसऱ्या दिवशी, बेरीज जुळेना तेव्हा. चाळीत वरच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की खालच्याची धार तुटते, त्यातलाच प्रकार. पण सोन्याच्या हिशेबात धार तुटली म्हणजे काय होतं ते सराफांनी त्यांना त्यांच्याच शब्दांत सांगितलं. ते शब्द मी इथं देत नाही.

मग ऑल्ट बटण आलं. ते दाबून धरून एक्सेल सुरू केलं की एक्सेल विचारतं, नवीन स्वतंत्र प्रत चालू करू का? हो म्हटलं की ती निराळी, आधीच्या प्रतीशी देणं-घेणं नाही. कंट्रोल-झेडही ज्याचा त्याचा. एवढंच, की एका प्रतीतून दुसरीत काही उचलून नेलं तर सूत्र वाटेत गळून पडतं, नुसता आकडा पोचतो. बाकी जगाला ही अडचण वाटते. मालक म्हणाले, “उत्तम. आकडा द्यावा, रीत कशाला द्यायची?”

घरीही असंच आहे म्हणतात. लोणच्याच्या बरणीला वेगळा चमचा सगळ्यांकडंच असतो, पण मालकांच्या घरी तो चमचा बरणीच्या गळ्याला दोऱ्यानं बांधलेला आहे. वहिनींनी हे मला सांगितलं तेव्हा त्या हसत नव्हत्या.

मधे औषधाच्या एजन्सीचं आणि मालकांचं फीवरून वाजलं आणि एजन्सीवाला कागद उचलून गेला. मालकांनी रागानं पाचवी खोलीच पाडली. कंट्रोल, विंडोज, एफ-४. पण डेस्कटॉप मोडला म्हणून त्यातल्या खिडक्या बंद होत नाहीत. त्या निमूट शेजारच्या डेस्कटॉपवर जाऊन बसतात. सायझिंगवाल्याच्या काश्मीरच्या बर्फावर एकदम खोकल्याच्या औषधाची बिलं येऊन पडली. मालक अक्षरशः उठून उभे राहिले. त्या दिवसापासून त्यांचा नियम: आधी भाडेकरू बाहेर, मग भिंत. पाचव्या खोलीत महिन्याभरात टायरवाला आला. सातचा आकडा मोडला नाही.

आता या व्यवस्थेत एकच फाइल अशी, की जिला कुठं ठेवावं हे मालकांना आजवर ठरवता आलेलं नाही. ‘फी येणे’. कोणत्या पार्टीकडं किती थकलंय त्याची यादी. ती हळदीची नाही, सराफांची नाही, पण सगळ्यांची नावं तिच्यात शेजारीशेजारी बसलेली. तिची जागा म्हणायची तर सातवी, ‘घर’. पण सराफांचा चेक आला की तो सराफांच्या खोलीत असतानाच मांडावा असं मालकांना वाटतं, म्हणून ती तिथल्याही एक्सेलमध्ये उघडली जाते.

गेल्या महिन्यात मी पंखा बदलायला वर गेलो होतो. नवा बसवून झाकण लावत होतो. मालक ‘घर’मध्ये आले, ‘फी येणे’ उघडायला गेले, आणि एक चौकट आली. मालक हळूहळू वाचू लागले. फाइल वापरात आहे. तिच्यावर संपादनासाठी कुलूप लावलेलं आहे. लावणाऱ्याचं नाव: मालक.

“कोण हा?” मालक म्हणाले.

मी स्क्रू घट्ट करत राहिलो.

“ताई, माझ्या नावानं कोण बसलंय?”

ताईंनी मान वर न करता सांगितलं की त्या टॅलीत आहेत.

चौकटीत खाली तीन बटणं असतात. एक, नुसती वाचायला घ्या. दुसरं, रद्द. आणि तिसरं नोटिफाय: सध्या वाचा, आणि तो गृहस्थ मोकळा झाला की आम्ही तुम्हाला कळवू. मालकांनी बराच विचार केला. दुसऱ्याच्या हातात चोपडी असताना ती ओढून घ्यायची नाही, ही दिवाणजींची शिस्त. त्यांनी नोटिफाय दाबलं आणि मांडीवर हात ठेवून बसून राहिले.

मला सांगता आलं असतं. पण नवीन पंख्याचा आवाज कसा येतो ते दहा मिनिटं तरी ऐकल्याशिवाय मी उतरत नाही, आणि खरं सांगायचं तर मला बघायचं होतं. चहा आला. मालकांनी अर्धा बशीत ओतला, फुंकर मारली, प्यायले, स्क्रीनकडं बघितलं. निरोप नाही. “कामात असेल,” म्हणाले.

मग सराफांचा फोन आला. मालकांनी चार बाण डावीकडं मारले, आवाज खाली आणला, लक्ष्मीसमोर बसून पाच मिनिटं बोलले, चेकचा आकडा ‘फी येणे’मध्ये मांडला, सेव्ह केलं, आणि काम झालं की गाठ मारायची या सवयीनं फाइल बंद करून टाकली. पुन्हा चार बाण उजवीकडं. ‘घर’मध्ये नवी चौकट येऊन थांबली होती: फाइल आता मोकळी आहे.

मालकांनी ती दोनदा वाचली.

“सुटले वाटतं एकदाचे,” ते म्हणाले, आणि चष्मा पुसून थकलेल्या फीची यादी वरून खाली बघायला लागले.